गाडीला पिकअप नाही? आधी धूर बघा

अवोन्डेलहून टिटिरांगीचा चढ चढताना तुमची जुनी डिझेल गाडी दम टाकते का? लगेच 'टर्बो गेला' म्हणून मोठ्या खर्चाला हो म्हणू नका. आधी कुणाला तरी मागून धूर बघायला सांगा.

काळा धूर म्हणजे डिझेल पोचतंय, हवा कमी पडतेय. एअर फिल्टर तुंबलाय का बघा. मग इंजिन बंद आणि गार असताना टर्बोचे रबरी पाइप चाचपा. चीर असेल तर तिथे बहुधा तेलकट डाग असतो, आणि चढावर सूं-सूं आवाज येतो. ईजीआर व्हॉल्व्हमध्ये काजळी साचली तरी लक्षणं अशीच.

धूर नाही आणि ताकदही नाही? मग पहिला संशय डिझेल फिल्टरवर. तो किती वर्षांत बदलला नाही, हे आठवून बघा (आपण इंजिन ऑइल आठवणीने बदलतो, याला विसरतो!). जपानहून आलेल्या जुन्या सर्फसारख्या गाड्यांत फिल्टरवर हातपंप असतो. गाडी चालवून आल्यावर तो आत ओढलेला दिसला, तर डिझेलच्या वाटेत अडथळा आहे. फिल्टर नाहीतर टाकीकडचा पाइप.

निळा धूर आणि ऑइल कमी होतंय, तर मात्र गाडी चालवू नका. टर्बोतून आत गळणाऱ्या ऑइलवरच डिझेल इंजिन सुसाट पळू शकतं, आणि मग किल्ली फिरवूनही बंद होत नाही.

कॉमन रेल इंजिनात डिझेलची गळती हाताने कधीच शोधू नका. त्या दाबाची बारीक धार कातडीत घुसते. ते काम मेकॅनिककडेच द्या, आणि धुराचा रंग त्याला नक्की सांगा.