रुतलेली गाडी ओढताना हुक कुठे लावाल?

आखाती देशांत ड्रायव्हर, हेल्पर किंवा मेकॅनिक म्हणून गेलेला माणूस आज आपल्या अनेक वस्त्यांत सापडतो. त्याचा फोन आला की पैसे पोचले का, मुलांची फी भरली का, आईचे औषध चालू आहे का, यावर बोलणे होते. तो ज्या गाडीवर काम करतो तिच्याविषयी मात्र घरात कोणी विचारत नाही. म्हणून कुटुंबाच्या या पानावर आज आम्ही थोडा वेगळा विषय घेत आहोत. तो आहे वाळूत रुतलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढून काढण्याचा.

दुबई-अबू धाबीचे रस्ते गुळगुळीत आहेत हे खरे. पण तेलाच्या विहिरी, पाइपलाइन, विजेच्या तारा आणि पर्यटकांचे तंबू वाळवंटात असतात. अबू धाबीच्या दक्षिणेला लिवाच्या टेकड्या आहेत, ओमानमध्ये शरकियाची वाळू आहे. सौदी, ओमान, अमिरात आणि येमेन या चार देशांत पसरलेले रुब अल खाली तर सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठे आहे. अशा ठिकाणी गाडी रुतणे ही नित्याची बाब आहे. रुतल्याने सहसा कोणी मरत नाही. पण घाईघाईने चुकीच्या जागी हुक लावून गाडी ओढल्यामुळे माणसे दगावू शकतात.

हे कसे घडते ते समजून घेऊ. वाळूत गाडी काढण्यासाठी ताणला जाणारा नायलॉनचा पट्टा वापरतात. तो साधारण नऊ मीटर लांब असतो. ओढणारी गाडी पट्टा थोडा सैल ठेवून पुढे निघते, पट्टा ताणला जातो आणि गलोलीच्या रबरासारखा आखडताना रुतलेल्या गाडीला बाहेर खेचतो. गलोलीत दगड असतो. इथे पट्ट्याच्या टोकाला जे लोखंड असेल ते तुटले, तर तेच दगड होते.

आम्ही कॉमर्सचे विद्यार्थी, हिशेब मांडल्याशिवाय आम्हाला पटत नाही. अडीच टनांची गाडी ताशी १५ किलोमीटर वेगाने निघाली, तर तिच्या अंगी सुमारे २१,७०० ज्यूल ऊर्जा असते. त्यातला फक्त दहावा हिस्सा तुटलेल्या एक किलोच्या लोखंडाला मिळाला, तरी ते ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने उडेल. गाडीची काच त्याला अडवू शकत नाही.

आता मुख्य प्रश्न. गाडीखाली डोकावले की हुक लावण्याजोग्या तीन-चार जागा दिसतात. सगळ्या सारख्या नाहीत.

पहिली जागा म्हणजे बम्परखालची पातळ पत्र्याची कडी. ती जहाजावर किंवा ट्रेलरवर गाडी बांधून नेण्यासाठी असते. झटक्याचा भार सोसण्यासाठी ती बनवलेलीच नाही. छोट्या गाड्यांत बम्परच्या झाकणामागे आटे फिरवून बसवायची कडी मिळते. ती बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर हळू ओढण्यापुरती आहे.

दुसरी जागा म्हणजे मागचा ट्रेलर जोडायचा लोखंडी गोळा. तो हाताशी असतो, मजबूत दिसतो, म्हणून लोक पट्ट्याचा फास त्यातच अडकवतात. सर्वांत घातक जागा हीच. झटक्याने गोळ्याची मान तुटते आणि पट्टा त्याला घेऊन उडतो. ऑस्ट्रेलियात अशा अपघातांत माणसे मेली आहेत. तिथे हे पट्टे विकताना धोक्याची सूचना छापणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि ट्रेलरचा गोळा व गाडी बांधायची कडी या कामासाठी नाहीत असे त्या सूचनेत स्पष्ट म्हटले आहे.

बम्पर, अॅक्सल, स्टिअरिंगचे दांडे आणि पायरी यांनाही हुक लावू नये.

मग योग्य जागा कोणती? जी थेट चॅसीला, जाड प्लेटने आणि किमान दोन भक्कम बोल्टांनी जोडलेली आहे ती. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो, तो पाहावा. किती भार चालेल हे हुकवर लिहिलेले असावे. गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची जागा चित्रासह दिलेली असते, ती वाचून घ्यावी. मागे ट्रेलरचा चौकोनी नळा चॅसीला पक्का जोडलेला असेल, तर गोळ्याची दांडी काढून त्यात शॅकलचा ठोकळा बसवता येतो. तडा, गंज, वाकलेली प्लेट किंवा ढिला बोल्ट दिसला की ती जागा बाद समजावी.

पुढे दोन हुक असतील तर दोन्हींना मिळून एक जोडपट्टा लावतात, म्हणजे भार वाटला जातो. पण तो जोडपट्टा लांब हवा. त्याच्या दोन पायांत ६० अंशांचा कोन असेल तर प्रत्येक हुकावर एकूण ओढीच्या सुमारे ५८ टक्के भार येतो. पट्टा आखूड असल्याने कोन १२० अंश झाला, तर दोन्ही हुकांवर पुरा-पुरा भार येतो. ओढ नेहमी सरळ रेषेत असावी. तिरक्या ओढीने चांगला हुकही वाकतो.

पट्ट्याची तुटण्याची ताकद दोन गाड्यांपैकी हलक्या गाडीच्या मालासकट वजनाच्या दोन ते तीन पट असावी. शॅकलवर भाराचा आकडा कोरलेला हवा. दोन पट्टे जोडताना मध्ये लोखंड घालू नये. साखळी किंवा तारेचा दोर लावून झटका तर कधीच देऊ नये. हल्ली दोरीची विणलेली शॅकल मिळते. ती हलकी असते, म्हणून तुटली तरी इजा कमी.

पण पट्टा काढण्याआधी फावडे काढावे. चाके वाळूत बुडली तर गाडीच्या वजनाइतका जोर लागतो, मडगार्डपर्यंत बुडाली तर दुप्पट, असा जुना ठोकताळा आहे. एक्सलेटर दाबत राहिल्याने गाडी आणखी खाली जाते. थांबावे, चाकांसमोरची आणि पोटाखालची वाळू उपसावी, टायरची हवा १५ पौंडांच्या आसपास आणावी आणि आलेल्या चाकोरीनेच मागे घेऊन पाहावे. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरून घ्यावी. किनाऱ्याजवळच्या खारट सपाट जमिनीत, जिला अरबीत सबखा म्हणतात, वरची पापडी कोरडी आणि खाली ओला चिखल असतो. तिथे ओढणारी गाडी टणक जमिनीवरच उभी करावी, नाहीतर दोन्ही रुततील.

ओढताना दोन ड्रायव्हर सोडून सगळ्यांनी पट्ट्याच्या लांबीच्या किमान दीडपट दूर, बाजूला उभे राहावे. पट्ट्याच्या रेषेत कोणीही नको. पट्ट्यावर मध्यभागी वाळूने भरलेली जाड पिशवी किंवा ओले घोंगडे टाकावे. ताणलेला पट्टा ओलांडू नये.

हे सारे आम्ही का लिहितो? कारण हुक अडकवायला गाडीखाली शिरतो तो बहुधा हेल्पर. फोरमन ओरडतो, ऊन ४५ अंशांवर असते आणि जो हुक आधी दिसेल तो लावला जातो. त्या क्षणी ‘यहाँ मत लगाओ, ये टूटेगा’ एवढे म्हणायला धैर्य लागते. कारण ठाऊक असले की ते धैर्य येते, आणि कारण सांगणाऱ्याचे फोरमनही ऐकतो.

म्हणून पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉल येईल तेव्हा माता-भगिनींनी चार प्रश्न विचारावेत. गाडीत फावडे आणि हवेचा पंप आहे का? हुक चॅसीला बोल्टने जोडलेला आहे का? पट्ट्यावर आणि शॅकलवर ताकदीचा आकडा आहे का? आणि ओढताना तू कुठे उभा राहतोस? उत्तर अडखळले तर त्याला मोबाईल घेऊन गाडीखाली वाकायला सांगा आणि तो हुक स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. पैशांचे बोलणे त्यानंतर करा.