मोठ्या बैठकीसाठी स्पीकर घेताना

मुदखेडहून रेल्वेने नांदेड जवळ, त्यामुळे स्पीकरसारखी वस्तू घ्यायची म्हटली की पावले तिकडच्या बाजाराकडे वळतात. दुकानात पहिला प्रश्न होतो, "किती वॉटचा पाहिजे?" गिऱ्हाइकाने उलट विचारावे, एका वॉटमध्ये हा स्पीकर आवाज किती देतो?

याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर मोजलेला हा आवाज असतो व तो डेसिबलमध्ये माहितीपत्रकावर छापतात. ८६ डेसिबलचा स्पीकर १०० वॉटमध्ये जेवढा वाजतो, तेवढाच ८९ डेसिबलचा ५० वॉटमध्ये वाजतो. म्हणजे निम्म्या ताकदीच्या अँप्लिफायरवर काम भागते. वीस बाय पंधरा फुटांच्या बैठकीत गझल-कव्वाली किंवा बातम्या ऐकताना बहुतेक वेळ दहा वॉटदेखील खर्च होत नाहीत.

१९९० च्या दशकात डेकच्या खोक्यांवर 'पीएमपीओ' म्हणून हजारो वॉट छापलेले असत. तो क्षणभराचा, मोजण्याची ठरलेली रीत नसलेला आकडा होता. आमच्याही घरात असा एक डेक आला होता. आवाज वाढवला की तो फाटायचा. आजही आरएमएस वॉट किती, एवढेच पाहावे.

खरी अडचण खोलीची आहे. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरात वर लाकूड आणि माती असल्याने आवाज फारसा घुमत नाही. माळवद उतरवून स्लॅब टाकला, खाली फरशी बसवली, भिंती मोकळ्या राहिल्या, की तोच स्पीकर बिघडल्यासारखा वाटतो आणि गाण्याचे शब्द कळेनासे होतात. खरेदीआधी बैठकीत उभे राहून एक टाळी वाजवा. ती मागे रेंगाळली तर आधी जाड पडदे, सतरंजी व गादी-लोड यांची सोय करावी. मोठ्या स्पीकरपेक्षा हा खर्च बहुधा कमीच पडतो, आणि बैठकीला शोभाही येते.

बजेट थोडे असेल तर पाच लहान डब्यांचा संच टाळून आठ इंची वूफरची एक जोडी घ्यावी. मोठ्या खोलीत खर्ज आवाजासाठी बरीच हवा हलवावी लागते. चार इंची पडद्याला ते झेपत नाही.

जुना माल स्वस्त मिळतो, पण पडद्याच्या कडेची फोमची पट्टी बोटाने दाबून पाहावी. वर्षांनुवर्षांनी ती भुगा होते. रबराची किंवा कापडाची कड जास्त टिकते. फोम गेला म्हणून स्पीकर बाद होत नाही. पट्टी बदलणारे कारागीर असतात. पेटीचे कामही आपल्या सुतारबांधवांना जमण्यासारखे आहे. १८ मिलिमीटरचा प्लायवूड, हवा न गळणारे सांधे आणि आत पिंजाऱ्याकडचा पिंजलेला कापूस. पेटी किती मोठी, हे मात्र वूफरच्या मापांवरून ठरवावे, डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे.

अँप्लिफायर आठ ओहमचा असेल तर त्याला चार ओहमचे स्पीकर जोडू नयेत, तो तापतो. स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवावेत. कोपऱ्यात सरकवले तर खर्ज फुगतो. जोडणीला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते. जोडताना दोन्ही स्पीकरची लाल टोके लालला आणि काळी काळ्याला लावावीत. एकाची उलटी झाली तर खर्ज निघून जातो आणि माणूस चांगला स्पीकर परत करायला पुन्हा नांदेडची गाडी पकडतो.