सावकारी पाश, दोनदा

कलामहर्षी बाबूराव पेंटरांनी एकच गोष्ट दोनदा पडद्यावर आणली. ना. ह. आपट्यांच्या कथेवरचा ‘सावकारी पाश’ १९२५ मध्ये मूकपट झाला आणि १९३६ मध्ये कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनमध्ये बोलपट. पहिल्याशिवाय भारतीय वास्तववादी सिनेमाचा इतिहास सुरू होत नाही. दुसऱ्याची नोंद पहिल्याच्या ओघात होते, तीही ‘पहिल्याची सर आली नाही’ एवढीच.

पेंटर हे टोपणनाव, मूळ आडनाव मेस्त्री. भाऊ लागणाऱ्या आनंदराव पेंटरांच्या जोडीने नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाचं वेड लागलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले, त्यानंतर बाबूरावांनी सहकारी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा स्वतःच घडवला. तानीबाई कागलकरांनी पैसा घातला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० च्या ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका हुबेहूब उतरला की त्याला कात्री लागली. टिळकांनी मात्र तो चित्रपट वाखाणला.

अशा पौराणिक यशानंतर शेतकऱ्याच्या कर्जाचा विषय घेणं म्हणजे धाडसच. सावकार खोटा कागद करतो, जमीन घशात घालतो आणि शेतकऱ्याला शहरात जाऊन गिरणीत राबावं लागतं. तरुण शेतकरी होते व्ही. शांताराम. हा खटला मुलखाला नवा नव्हता. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोक सावकारांवर उठले, ते मुख्यतः कर्जखतं आणि वह्या जाळायला, कारण कोर्टात माणसापेक्षा कागदाला किंमत होती. १८७९ चा शेतकरी संरक्षणाचा कायदा त्यातूनच आला. चित्रपट निर्माते जे. बी. एच. वाडियांना पुढे कितीतरी वर्षांनी या मूकपटातली अंधारी झोपडी आणि भुंकणारं कुत्रं आठवत होतं. गल्ला मात्र जमला नाही. लोकांना देव हवे होते. बाबूराव मुकाट्याने पोशाखी पटांकडे वळले.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हे सहकारी महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडले आणि ‘प्रभात’ निघाली. उरली कंपनी फार दिवस तगली नाही. त्यात बोलपट आला. ध्वनीमुळे कष्टाने कमावलेली दृश्यभाषा जाईल, अशी बाबूरावांना धास्ती होती. माझ्या मते १९३६ चा चित्रपट बेताचा ठरण्याचं मूळ इथेच आहे. न वाचता आलेल्या कागदावर उमटलेला अंगठा ही मुळात मुकी गोष्ट. फसलेल्या माणसाला बोलता येत नाही, हीच तर त्याची कैफियत. त्याच्या तोंडी संवाद घातले की तो वकिलासारखा बाजू मांडू लागतो, आणि प्रेक्षक ऐकून घेतो, हादरत नाही.

पुढचा काळ असाच खालीवर. १९३७ ची ‘प्रतिभा’ दुर्गा खोटे आणि केशवराव दात्यांसह. मग बराच खंड. १९४७ मध्ये शांतारामांनी ‘राजकमल’च्या ‘लोकशाहीर रामजोशी’साठी गुरूला बोलावलं. तो धो धो चालला, पण त्यात शांतारामांचाही हात होता, त्यामुळे श्रेय कुणाला किती यावर कोल्हापुरात अजून वाद घालता येतो. १९५२ चा ‘विश्वामित्र’ पडला, आणि १९५४ मध्ये बाबूराव गेले.

१९३६ च्या बोलपटावर मात्र थोडा अन्याय होतो, हेही म्हटलं पाहिजे. १९२५ ची रिळं आज कुठेच नाहीत. ज्याच्याशी तुलना करून त्याला सामान्य ठरवतात, तो चित्रपट ठरवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पाहिलेलाच नाही.