ठोका ओळखणारा कान

जुनी पेट्रोल जीप अहिल्यानगर जिल्ह्यातल्या करंजी घाटात वरच्या गिअरमध्ये ताणून चढवली, की माथ्यावर पोचायच्या आत इंजिन बोलू लागतं. बॉनेटखालून बारीक टकटक येते. गॅरेजच्या भाषेत, ‘इंजिन ठोकतंय.’ घरच्या अंगणात सुटे भाग जुळवून जुनी गाडी उभी करणाऱ्याची खरी परीक्षा या आवाजापासून सुरू होते.

स्पार्क पडला, की सिलिंडरमधली ज्योत एका बाजूनं पसरत जाते आणि पिस्टनला खाली रेटते. पण पुढे उरलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबानं फार तापलं, तर ज्योत पोचण्याआधीच ते एकदम पेटतं. त्या दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात, तोच ठोका. दुर्लक्ष केलं तर रिंगा तुटतात, हेड गॅस्केट उडतं, पिस्टनच्या माथ्याला भोक पडतं.

मात्र प्रत्येक ठोका जळणाचा नसतो. म्हणून जाणता मिस्त्री पाना उचलण्याआधी कान लावतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर, मूठ कानाशी. मग एकेका प्लगची वायर काढायची. एखादी काढल्यावर खालची जड धडधड मंदावली, तर त्या सिलिंडरचं बिगएंड बेअरिंग गेलेलं असण्याची शक्यता मोठी. तिथं इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर नाही. लोडवर येणारा आणि ॲक्सिलरेटर सोडताच थांबणारा पातळ आवाज मात्र जळणाचा.

त्याचा इलाज स्वस्ताकडून महागाकडे जातो. आधी पॉइंटची गॅप, कारण ती बदलली की स्पार्कचं टायमिंगही सरकतं. मग डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून टायमिंग मागं घ्यायचं. ॲडव्हान्सच्या स्प्रिंगा ढिल्या नाहीत ना, रेडिएटर गाळानं भरलेला नाही ना, हे बघायचं. सगळं करून ठोका उरलाच तर हेड उतरवून कार्बन खरवडायचा. तो थर जागा खाऊन कॉम्प्रेशन वाढवतो आणि निखाऱ्यासारखा तापून राहतो.

कॉम्प्रेशन जितकं जास्त, तितकी ठोक्याची भीती मोठी. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपचा कॉम्प्रेशन रेशो अवघा ६.४८, ती ठोकू लागली तर दोष बहुधा जुळणीतच सापडतो. अमेरिकेतल्या १९६० च्या दशकातल्या दणकट मसल कार दहा-अकरापर्यंत गेल्या, त्या शिशाच्या पेट्रोलवर. ठोका दाबणारं हे शिशाचं संयुग १९२१ मध्ये थॉमस मिजली यांना जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत गवसलं. अल्कोहोलही ठोका रोखतं, हे तेव्हाही माहीत होतं. बाजारानं निवडलं विषारी शिसं. भारतातल्या पंपांवरून ते २००० साली हटलं.

आज तेच अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, उसापासूनही बनून पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. करंजी घाटाच्या ज्या जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं प्रवरेकाठी १९५० मध्ये सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं, तिथल्या माणसाला मळी आणि डिस्टिलरी नवी नाही. इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्या वर आहे, त्यामुळे २० टक्के मिश्रणाचं पेट्रोल ठोक्याला अधिक पुरून उरतं. पण इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतं. जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण त्यानं पातळ होतं आणि इंजिन तापतं; जेट थोडा मोठा बसवावा लागतो. पेट्रोलचे जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदाही बदलावा. उसानं दिलेला गुण पदरात पडायचा तर एवढी मशागत हवीच.

शेवटची तपासणी पुन्हा करंजी घाटात. घाट तोच, गिअर तोच, काच खाली. माथा आला आणि कानावर नुसता इंजिनाचा एकसुरी घुमार पडला, की गाडी खरी उभी राहिली.