विमान उडतं ते जमिनीच्या जोरावर

हवाई दल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वैमानिक उभा राहतो. डोक्यावर शिरस्त्राण, पाठीमागे चकाकतं लढाऊ विमान. त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण तांत्रिक शाखेत उमेदीची वर्षं घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला विमान दिसलं, की आधी त्याच्याभोवती राबणारे हात आठवतात. आज त्यांच्याविषयी चार गोष्टी सांगणार आहे. हवाई दलाकडे विमानं किती, हे आपण नेहमी विचारतो. त्यांतली आज सकाळी उडायला तयार किती, हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. लढाईच्या दिवशी मात्र तोच आकडा कामाला येतो.

सुरुवातीपासूनच पाहू या. भारतीय हवाई दलाची स्थापना 8 ऑक्टोबर 1932 रोजी झाली आणि पहिली स्क्वाड्रन 1 एप्रिल 1933 रोजी कराचीजवळ ड्रिग रोड इथे उभी राहिली. चार वापिटी विमानं, सहा भारतीय अधिकारी आणि 19 हवाई सिपाही, एवढाच संसार! सहा अधिकाऱ्यांपैकी टंडन यांची उंची विमान चालवण्यासाठी कमी पडली, म्हणून त्यांच्याकडे सामानसुमानाच्या पुरवठ्याचं काम आलं. म्हणजे हिशेब मांडा. उडवणारे पाच, आणि विमान उडतं ठेवणारे वीस. विमानं बदलली, वेग बदलला; पण एका वैमानिकामागे अनेक माणसं जमिनीवर लागतात, हे काही बदललं नाही.

स्वातंत्र्यानंतर लगेचच या हातांची कसोटी लागली. दुसरं महायुद्ध संपल्यावर कानपूरला लिबरेटर जातीची अवजड बॉम्बफेकी विमानं टाकून देण्यात आली होती. ती पुन्हा कुणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून त्यांची मोडतोडही केलेली होती. नवीन बॉम्बफेकी विमानं घ्यायला आपल्याजवळ पैसा नव्हता. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी त्या भंगारात हात घातला. एकाचा भाग दुसऱ्याला जोडत त्यांनी विमानं जेमतेम उडण्याजोगी केली, बंगळूरला नेली आणि तिथे नीट दुरुस्त केली. 1948 साली त्यांवर पाचवी स्क्वाड्रन उभी राहिली. ही भंगारातली विमानं 1968 पर्यंत सेवेत होती!

दुसरं उदाहरण 1971 च्या युद्धातलं. पाकिस्तानी बॉम्बहल्ल्यांत कच्छमधल्या भुजच्या तळाची धावपट्टी उखडली गेली. धावपट्टीच नसेल तर विमान कितीही चांगलं असो, त्याचा उपयोग काय? तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक. त्यांच्या हाकेला जवळच्या माधापर गावातल्या सुमारे तीनशे महिला धावून आल्या आणि त्यांनी 72 तासांत धावपट्टी पुन्हा वापरण्याजोगी करून दिली. हल्ल्याचा भोंगा वाजला की झुडपांत लपायचं, तो थांबला की पुन्हा कामाला लागायचं. त्या महिलांपैकी कुणी हवाई दलात नव्हत्या. पण त्या तीन दिवसांत हवाई दल त्यांच्याच आधारावर उभं होतं.

आता थोडं कामकाजाविषयी. हवाई दलाची सात कमांड आहेत. त्यांतली पाच देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या तळांवरून प्रत्यक्ष मोहिमा सांभाळतात, सहावं बंगळूरचं कमांड प्रशिक्षण देतं, आणि सातवं असतं आपल्या नागपुरात. त्याचं नाव मेंटेनन्स कमांड, म्हणजे देखभाल-दुरुस्तीचं मुख्यालय. लढाऊ विमानांच्या एका स्क्वाड्रनमध्ये साधारण 16 ते 18 विमानं असतात. प्रत्येक विमानाची उड्डाणाआधी आणि उतरल्यावर तपासणी होते. इंजिन पाहणारा वेगळा, सांगाडा पाहणारा वेगळा. विजेचं, रेडिओचं, शस्त्रांचं काम पाहणारेही वेगळे. प्रत्येकजण आपापलं काम पाहून फॉर्म 700 नावाच्या वहीत सही करतो. शेवटी वैमानिक ती वही वाचून सही करतो आणि मगच विमान ताब्यात घेतो. त्या सहीचा अर्थ एवढाच, की माझा जीव मी तुमच्या कामावर सोपवतो आहे.

अवजारांचाही हिशेब असतो. काम संपल्यावर पेटीतला एक पाना जरी कमी भरला, तरी तो सापडेपर्यंत विमान जागचं हलत नाही. इंजिनाच्या तोंडाशी राहिलेला एवढासा तुकडा आतली पाती मोडू शकतो. ठराविक तास उडाल्यावर मात्र विमान तळावरच्या तपासणीने भागत नाही. ते डेपोत नेऊन पार सुटं करून पुन्हा जोडावं लागतं. नाशिकजवळच्या ओझरचा डेपो याच कामाचा. संपूर्ण दुरुस्ती झालेलं पहिलं सुखोई-30 त्याने 2018 साली हवाई दलाच्या हवाली केलं.

हे सगळं आजच का सांगतो आहे? 1963 पासून सेवेत असलेलं मिग-21 हे विमान 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला निवृत्त झालं. याच विमानाची बांधणी करण्यासाठी 1964 मध्ये ओझरचा कारखाना निघाला होता. मिग-21 गेल्यावर लढाऊ स्क्वाड्रनची संख्या 29 वर आली. मंजूर संख्या 42 आहे. ही तूट भरून काढायला तेजस विमानांची मागणी नोंदवली आहे. 83 विमानांचा करार 2021 चा, पण इंजिनं उशिरा आल्याने वेळापत्रक लांबलं. ओझरलाही आता तेजसची बांधणी सुरू झाली असून तिथल्या पहिल्या विमानाने ऑक्टोबर 2025 मध्ये उड्डाण केलं. विमानं कमी असतात तेव्हा प्रत्येक विमानाला जास्त उडावं लागतं आणि ओझं येतं ते दुरुस्ती करणाऱ्यांवर.

विमान पैसे मोजून विकत घेता येतं. कान लावून इंजिनाची तक्रार ओळखणारा कारागीर मात्र तयार व्हायला वर्षं लागतात. 2022 साली जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार तरुण चार वर्षांसाठी भरती होतात आणि त्यांतल्या जास्तीत जास्त 25 टक्क्यांना पुढे कायम करता येतं. दल तरुण राहावं हा हेतू मी समजू शकतो. पण माझा अनुभव सांगतो, की चौथ्या वर्षी कुठे हात बसायला लागतो. तेव्हा निदान तांत्रिक कामात शिकून तयार झालेल्या मुलांना टिकवून ठेवण्याचा विचार वेगळा व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आणि एक विनंती तुम्हा-आम्हा नागरिकांनाही. पुण्याच्या लोहगावसारख्या तळांना आता वस्तीने वेढलं आहे. उघड्यावर टाकलेलं खरकटं आणि मांसाचे तुकडे घारींना बोलावतात. एक घार इंजिनात गेली तर कोट्यवधींचं विमान आणि वैमानिक, दोन्ही संकटात सापडतात. माधापरच्या महिलांनी धावपट्टी बांधून दिली. आपल्याला निदान कचरा झाकून ठेवता येईल.