घशाचा कर्करोग : वय किती, यापेक्षा सोबत काय?

आवाज बसला म्हणून सत्तरी ओलांडलेल्या वडिलांना घेऊन मुलगा येतो. तोवर हळद-दूध, गुळण्या, खोकल्याची औषधं सगळं करून झालेलं असतं. दुर्बिणीतून पाहिलं की स्वरतंतूवर गाठ दिसते, तुकडा तपासायला जातो आणि अहवाल कर्करोगाचा येतो. मग मुलगा मला दाराबाहेर नेऊन हळूच म्हणतो, "डॉक्टरसाहेब, बाबांचं वय झालं. आता कशाला त्यांचे हाल?" उमरखेडला कान-नाक-घशाचा डॉक्टर म्हणून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की आज त्याविषयीच बोलतो.

माझ्याकडे आलेले दोन रुग्ण सांगतो. एक पैनगंगेकाठचा चौऱ्याहत्तर वर्षांचा शेतकरी. रोज शेतात पायी जाणारा, साखर नाही, बीपी नाही. दुसरा बावन्न वर्षांचा. बारा वर्षांचा मधुमेह, मूत्रपिंडं थकलेली, पूर्वी क्षयरोग होऊन गेलेला, वजन अकरा किलोंनी उतरलेलं. घरच्यांना पहिल्याची काळजी वाटत होती, मला दुसऱ्याची.

पहिल्याची गाठ लहान होती. स्वरतंतूवरचा कर्करोग आवाज लवकर बिघडवतो, त्यामुळे लक्ष दिलं तर लवकर सापडतो, आणि तेव्हा नुसत्या किरणोपचाराने, ज्याला आपल्याकडे 'शेक' म्हणतात, दहातले आठ-नऊ रुग्ण बरे होतात. त्यासाठी साधारण सहा-साडेसहा आठवडे लागतात. धडधाकट म्हातारा माणूस ते सहज निभावतो.

गाठ मोठी असेल तर गणित बदलतं. मग किरणांच्या जोडीला सिस्प्लॅटिन नावाचं औषध देतात. ते किरणांचा परिणाम वाढवतं, पण मूत्रपिंडांना आणि कानांच्या नसांना इजा करतं. जगभरच्या चाचण्या एकत्र करून 2009 मध्ये 17,346 रुग्णांचा हिशेब मांडला गेला. किरणांच्या जोडीने औषध दिल्यास पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण साडेसहा टक्क्यांनी वाढतं, मात्र वय वाढेल तसा हा फायदा घटतो आणि सत्तरीपुढे जवळजवळ दिसत नाही. म्हणजे मुलगा बरोबर म्हणत होता का? त्याच हिशेबातला दुसरा आकडा पाहा. पन्नाशीच्या आतल्या रुग्णांत शंभर मृत्यूंपैकी 15 मृत्यू या कर्करोगाखेरीज इतर कारणांनी झाले होते, सत्तरीपुढे 39. जादा औषधाचा फायदा हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं यांच्या दुखण्यांत विरून जातो. यातून एवढंच निघतं की सत्तरीपुढे जादा औषध जपून द्यावं. उपचारच करू नयेत, असं त्यातून निघत नाही.

सोबतचे आजार मोजायची एक पद्धत अमेरिकेत मेरी चार्ल्सन यांनी 1987 मध्ये मांडली. प्रत्येक आजाराला गुण द्यायचे आणि बेरीज करायची. गाठ तेवढीच असली तरी ही बेरीज जास्त असलेला रुग्ण कमी जगतो, हे घशाच्या कर्करोगातही दिसलं आहे. आपण मात्र वय कागदावर पहिल्या ओळीत लिहितो आणि बाकीचं विचारायचं राहून जातं.

ज्यांना सिस्प्लॅटिन झेपत नाही, त्यांना पूर्वी नुसत्या किरणांवर ठेवत. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने अशाच 356 रुग्णांवर चाचणी केली. त्यात तोंडाच्या कर्करोगाचेही रुग्ण होते. निम्म्यांना किरणांसोबत दर आठवड्याला डोसिटॅक्सेलची छोटी मात्रा दिली. 2023 मध्ये निष्कर्ष आले : दोन वर्षांनी नुसत्या किरणांच्या गटात सुमारे 42 टक्के हयात होते, औषधाच्या गटात 51 टक्के. तोंड येणं, गिळताना दुखणं हा त्रास मात्र वाढला. मूत्रपिंडं थकलेल्या माणसाला आता दुसरी वाट आहे, ही मला मोठी गोष्ट वाटते.

माझ्या बावन्न वर्षांच्या रुग्णाचं मात्र बिनसलं ते वेगळ्याच ठिकाणी. मोठ्या गाठीला सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, अशा 35 खेपा लागतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घसा सोलून निघतो, घास उतरत नाही. त्याने जेवण सोडलं, पण मधुमेहाच्या गोळ्या पूर्वीसारख्याच चालू ठेवल्या. एका पहाटे साखर इतकी उतरली की तो बेशुद्ध पडला. मग ताप आला. घरचे त्याला गावी घेऊन आले आणि दोन आठवडे वाया गेले. चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या कर्कपेशी वेगाने वाढतात. उपचार एक दिवस लांबला तर गाठ ताब्यात येण्याची शक्यता साधारण टक्का-दीड टक्क्याने घटते. वर्षाच्या आत त्याची गाठ परत आली. नाकातून नळी वेळेवर घातली असती आणि गोळ्यांची मात्रा फिजिशियनने कमी केली असती, तर कदाचित वेगळं झालं असतं. नळीला लोक घाबरतात. ती शेवटची घटका आली म्हणून घालत नाहीत, पोटात अन्न जावं म्हणून घालतात.

म्हणून शेक सुरू होण्याआधीच साखर, रक्तातलं हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, छाती आणि कान तपासून घ्या. किडलेले दात आधी काढा. नंतर काढले तर जबड्याचं हाड बरं न होण्याचा धोका असतो. खर्रा, विडी त्याच दिवशी बंद, कारण धूम्रपान चालू असेल तर किरणांचा परिणाम कमी होतो. उपचाराचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसू शकतो, पण सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी कुठली योजना देत नाही. सात आठवडे कोण कुठे राहणार, हे आधी घरात बसून ठरवा. पहिल्या भेटीला येताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, वैदूकडच्या पुड्यासुद्धा.

आणि मला दाराबाहेर नेऊ नका. त्या पैनगंगेकाठच्या शेतकऱ्याच्या मुलानेही नेलं होतं. आम्ही आत आलो तेव्हा म्हातारा बसक्या आवाजात म्हणाला, "काय बोलायचं ते माझ्यासमोर बोला. किती दिवस लागतील तेवढं सांगा, हळद काढायला परत यायचंय मला."