गाडीचा दम कुठे गेला?

मराठीच्या प्राध्यापकाने दिवाळी अंकात इंजिनावर लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. पण वऱ्हाडात राहणाऱ्या माणसाला कापूस आणि राजदूत या दोन विषयांपासून फार काळ दूर राहता येत नाही. पोलंडच्या ‘एसएचएल एम-११’ या गाडीच्या धर्तीवर एस्कॉर्ट्स कंपनीने १९६०च्या दशकात राजदूत मोटारसायकल काढली. तिचे उत्पादन केव्हाच थांबले; पण गाडवाटांवरून दुधाचे कॅन नि खताची पोती वाहणारी ही टू-स्ट्रोक गाडी कित्येक घरांनी अद्याप जिवापाड जपली आहे.

अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यातले हिवरखेड हे असेच शेतकऱ्यांचे गाव. तिथल्या एका गॅरेजात एका शेतकऱ्याची राजदूत उभी होती. परगावी इंजिन बांधून आणलेले. बोअर केलेले, पिस्टन नवा, रिंगा नव्या. कापूस वेचणीला आलेला, पैसे खर्च झालेले, आणि गाडी काही चालू होईना.

“मिस्त्रीभाऊ, सारं नवं टाकलं, तरी किक अशी हलकी काहून लागते?”

“खोलायची घाई नोका करू जी. पहिले तिलेच इचारू.”

या ‘इचारू’मध्येच सारे शास्त्र आहे. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन वर जाताना डोक्यावरचे मिश्रण दाबतो आणि त्याच वेळी खालच्या क्रँककेसमध्ये नवे मिश्रण ओढून घेतो. वरचा दाब म्हणजे कम्प्रेशन, गाडीचा दम. हा दम निसटायच्या वाटा मोजक्याच: रिंगा आणि बोअर यांच्या फटीतून, हेडच्या सांध्यातून, नाही तर प्लगच्या वायसराजवळून.

मिस्त्रीने प्लग काढून तिथे दाब मोजायचे गेज बसवले. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा धरला. तो बंद असला तर हवा पुरेशी आत येत नाही आणि चांगले इंजिनही खोटे ठरते. सुई चढायची थांबेपर्यंत किका मारल्या. दर चौरस इंचाला शंभर पौंडांच्या खाली सुई रेंगाळली तर शंका घ्यावी, हा सर्वसाधारण ठोकताळा. इथे ती बरीच खाली होती.

मग चमचाभर तेल प्लगच्या भोकातून आत सोडले आणि पुन्हा किका मारल्या. तेल रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवते. सुई झटकन चढली असती तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा. मात्र तेल चमचाभरच हवे. जास्त ओतले तर आतली जागाच कमी होते आणि सुई फसवते. इथे सुई हलली नाही. मिस्त्रीने प्लग बसवून हेडभोवती साबणाचे पाणी लावले आणि किक मारली. मागच्या कोपऱ्यात बुडबुडे उठले. चोर सापडला!

नट एकसारखे न आवळल्यामुळे हेड किंचित वाकले होते. जाड सपाट काचेवर पॉलिशपेपर ठेवून हेड घासले, पॅकिंग नवे घातले, नट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले. पुन्हा बोअर करण्याचा खर्च टळला. आणि नुसता खर्चच नव्हे. बोअर दर वेळी थोडे रुंद होते, ठरावीक मापापुढे पिस्टनच मिळत नाही. घासून गेलेले लोखंड परत येत नाही.

तेलाने सुई चढली, तरीही लगेच रिंगांवर खापर फोडू नये. नव्या रिंगा बोअरवर बसायला थोडे चालणे लागते. तोवर दाब कमीच दिसतो. तरीही तो वाढला नाही, तर रिंग एकटी बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट मोजावी. बोअरच्या व्यासात दर इंचामागे चार हजारांश इंच हा ढोबळ हिशेब. म्हणजे अडीच इंची बोअरला दहा हजारांश.

पण मिस्त्रीचा शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला: “जुना पिस्टन गेला काहून?” गेज फक्त पिस्टनच्या वरचा दाब सांगते. खाली क्रँकचे ऑईल सील कडक झाले असेल, तर तिथून फुकटची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि पिस्टन ओरखडतो. कम्प्रेशन उत्तम असूनही नवा पिस्टन जुन्याच वाटेने जातो. त्या गाडीचे मॅग्नेटकडचे सील खरेच कडक निघाले. तेही बदलले.

आपल्या दारातही एखादी जुनी चेतक किंवा लुना आठवण म्हणून उभी असेल. तिचे इंजिन बांधायला देताना किंमत अवश्य विचारावी. पण त्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: सुई किती दाखवते, आणि मागचा पिस्टन कशाने गेला? ज्याच्याकडे या दोहोंचे उत्तर आहे, त्याच्या हाती पाना निर्धास्त द्यावा.